शके १६८७चा मार्गशीर्ष

बालाघाटाच्या माथ्यावर पहाटेची थंडी बोचते आहे आणि तुम्ही पुण्याहून निघालेल्या एका तांड्याबरोबर चालत आहात. इसवी सनाने म्हणाल तर साल १७६५. भीमा मागे पडली, सीना मागे पडली, परवा मांजरा उतरलात. पुढच्या गाड्यांत बायका-पोरं, मागच्यांत शिधा आणि अंथरुणं, दोन्ही बाजूंना भालाईत. रस्त्याच्या कडेला रब्बीची ज्वारी पोटरीला आली आहे. तिच्यावरून सकाळचं धुकं अजून उठलेलं नाही.

तुमच्या शेजारच्या गाडीत एक तरुण सून बसली आहे. मांडीवर दोन वर्षांचं बाळ.

"कान झाक गं त्याचे," सासूबाई म्हणतात. "वारं लागेल."

"झाकलेत, सासूबाई. आता किती राहिलं?"

"आजच्याला अंबा दिसेल."

अंबा म्हणजे आजचं अंबाजोगाई, योगेश्वरी देवीचं गाव. या बाळासाठीच ही सगळी वाट आहे. दोन वर्षांपूर्वी, १७६३ साली, निजामाच्या फौजेनं पुणं लुटलं, घरं जाळली. लोक मिळेल त्या वाटेनं गडकिल्ल्यांकडे पळाले. ही सून तेव्हा गरोदर होती. पळता पळता पुण्याच्या तांबड्या जोगेश्वरीच्या दिशेनं तिनं हात जोडले: सुखरूप सोडव, मूल अंबेच्या पायावर घालीन. त्याच साली ऑगस्टात राक्षसभुवनला गोदेच्या काठी पेशव्यांनी निजामाचा पराभव केला. मूल झालं. घरी बोडण भरलं. एका काठवटीत पुरणावरणाचा स्वयंपाक, दूध, दही, तूप, मध, साखर. पाच सुवासिनी आणि एक कुमारिका भोवती बसल्या. सगळ्यांनी त्यात एकदमच हात घातले आणि ते कालवू लागल्या. हात कोपरापर्यंत माखले, कुणाचा कुठला ते कळेना. कालवलेलं सारं शेवटी गाईला गेलं. पण नवस उरलाच होता. बोललेलं फेडल्याशिवाय देणं मिटत नाही.

निजामाच्या आणि पेशव्यांच्या हद्दी या मुलखात सतत सरकत असतात. कालची चौकी आज दुसऱ्याची. बायकांना याची फारशी फिकीर नाही. त्यांच्या लेखी ही अंबेची वाट आहे.

दुपारी जयंती नदीच्या काठी गाड्या सुटतात. अंघोळी होतात, ओली लुगडी दगडांवर पडतात. योगेश्वरीचं नवरात्र मार्गशीर्ष शुद्ध सप्तमीला बसतं आणि पौर्णिमेला उठतं, त्यामुळे गाव माणसांनी भरून गेलं आहे. कोकणातून आलेली कुटुंबं बोलीवरूनच ओळखू येतात. चित्पावनांच्या कित्येक घराण्यांची ही कुलस्वामिनी. समुद्राकाठच्या माणसांची आई इतक्या दूर, घाटावर कशी, असं तुम्ही सासूबाईंना विचारता. त्या सांगतात ती कथा अशी: परशुरामानं कोकणात वसवलेल्या मुलांना मुली मिळाल्या त्या या अंबेच्या गावच्या. अट एकच, योगेश्वरीला कुलदैवत मानायचं. "म्हणून हे आमचं माहेर," सासूबाई म्हणतात. साठी ओलांडलेल्या त्या बाईच्या तोंडावर लेकीचा आनंद आहे.

गाभाऱ्यात समयांचा उजेड. शेंदरानं माखलेलं मुख, रोखून पाहणारे मोठे डोळे. सून ओटी भरते. खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी. उपाध्ये गोत्र विचारतात, संकल्प सांगतात. मग ती बाळाला दोन्ही हातांनी उचलून देवीच्या पायांशी ठेवते. थंड दगड लागताच ते कळवळून रडतं. सासूबाई डोळ्याला पदर लावतात. सून मात्र हसते आहे. दोन वर्षं तिनं ज्या क्षणाची वाट पाहिली तो हा.

या देवीचं स्वतःचं लग्न झालेलं नाही. परळीच्या वैजनाथाशी ठरलेलं, मुहूर्त टळला आणि वऱ्हाड जागच्या जागी दगड झालं, असं इथं सगळे सांगतात. नदीकाठच्या लेण्यांतले दगडी हत्ती हे त्या वऱ्हाडातलेच. त्या लेण्यांना हत्तीखाना म्हणतात. जिला संसार मिळाला नाही, तिच्याकडेच संसारासाठी पदर पसरायचा. यात लोकांना विसंगती वाटत नाही, मलाही वाटत नाही. जी कुणा एका घरात गेली नाही, ती सगळ्यांचं माहेर होऊ शकली.

बाहेर या. देवीची गाणी गाणाऱ्या आराधिणी ओळीनं बसल्या आहेत. गळ्यात कवड्यांची माळ, पुढ्यात परडी. एकीनं ओळ टाकली की दुसरी उचलते. संबळ घुमतो, उदोकार होतो. पोथी यांच्या हाती कधी आली नाही, तरी देवीचं चरित्र यांना तोंडपाठ आहे. आणि पलीकडे पाहा, वाटेच्या कडेला, दूर, गावकुसाबाहेरची एक बाई उभी आहे. तिच्याही कडेवर मूल आहे. तिला पायरी चढायची मुभा नाही. ती कळसाला हात जोडते आणि वळते. तिचा नवस तसूभरही कमी नाही. १७६५च्या भक्तीकडे प्रेमानं पाहताना ही बाई नजरेआड करू नका.

संध्याकाळी गावातून हिंडा. मराठीतला आद्य ग्रंथ म्हणून मान असलेला 'विवेकसिंधु' ज्यांनी शके १११० मध्ये रचला, त्या मुकुंदराजांची समाधी याच गावची. सव्वा लाख ओव्यांचा 'गीतार्णव' लिहिणारे आणि लांबलचक पासोडीवर 'पंचीकरण' उतरवणारे दासोपंत १६१५च्या सुमारास इथेच समाधिस्थ झाले. त्यांच्या देवघरांत आजही दिवा लागतो आहे.

आता पुढं चला. गावाचं नाव मोमिनाबाद पडतं, निजामाचा अंमल पक्का होतो. याच देवीच्या नावाच्या शाळेत स्वामी रामानंद तीर्थ शिकवतात. १७ सप्टेंबर १९४८ला मराठवाडा मोकळा होतो. राजवटी बदलल्या, वाट चालू राहिली.

आज पुण्याहून अंबाजोगाई एका दिवसात गाठता येते. ओटी भरायची आणि संध्याकाळी परत फिरायचं, अशी घाई बहुतेक कुटुंबं करतात. करू नका. एक मुक्काम तरी करा. आश्विनातल्या नवरात्रात बायका घरदार सोडून देवळाच्या आवारात आराध बसतात. त्यांच्याजवळ टेका, त्यांची गाणी ऐका, घरातल्या मुलींना ऐकवा. ती लिहून घेणारे हात थोडे आहेत आणि गाणाऱ्या म्हाताऱ्या होत चालल्या आहेत. हत्तीखाना पाहा, यादवकाळातलं सकलेश्वर मंदिर पाहा, तिथं कचरा टाकू नका. आणि आजीनं बोललेला एखादा नवस राहिला असेल, तर तो तुम्ही फेडा.