फासा, पट आणि नोव्ह्याचा वेढा

१/ बुद्धिबळात प्याद्याने हत्तीला मारले की हत्ती पटावरून उचलला जातोच. प्यादे दमलेले होते का, चिखल होता का, दारू भिजली होती का, हे कोणी विचारीत नाही. आजच्या संगणकीय युद्धखेळांत मात्र ‘विजयाची शक्यता ७० टक्के’ असे दिसते, आणि तरीही पराभव पदरी येतो. या दोन पद्धतींमागे युद्धाविषयीच्या दोन वेगळ्या कल्पना आहेत.

२/ भारताला दोन्ही परिचित होत्या. इ.स. १०३०च्या सुमारास अल्‌-बिरूनीने येथील चौघांनी खेळायच्या बुद्धिबळाचे वर्णन केले. त्यात कोणते मोहरे हलवायचे ते फासे ठरवीत. सेनापतीची इच्छा एक आणि सैन्याकडून प्रत्यक्ष घडणारी हालचाल दुसरी, हे त्या पटाला ठाऊक होते.

३/ आता हिंगोली–नांदेडच्या टापूत येऊ. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी येथील हटकर नाईकांनी निजामाच्या सत्तेला आव्हान दिले. नोवसाजी नाईक हे त्यांतील प्रमुख नाव. नोव्हा ही त्यांची गढी. तिच्या रक्षणासाठी अरब शिबंदी होती.

४/ जानेवारी १८१९मध्ये मेजर पिटमन यांच्या हाताखालील निजामाच्या फौजेने नोव्ह्याला वेढा घातला. या फौजेत हैदराबादचे रेसिडेंट हेन्री रसेल यांच्या नावाने ओळखली जाणारी ब्रिगेड होती. पैसा निजामाचा, अधिकारी इंग्रज. महिनाअखेरीस हल्ला चढवून गढी घेतली गेली. शिबंदीतील बहुतेक लोक मारले गेले.

५/ वेढ्याचा मोठा भाग हिशेबाचा असतो. तोफा किती, दारूगोळा किती, तटाला खिंडार पडायला दिवस किती, हे मोजता येते. मात्र खिंडारातून पहिली तुकडी आत शिरते त्या क्षणी हिशेब संपतो. कोण थबकेल, कोण पुढे सरेल, हे कोणत्याही वहीत लिहिलेले नसते.

६/ नेमका हाच प्रश्न त्या काळी दूर प्रशियात एका खेळाचा विषय झाला होता. नोव्ह्याशी त्याचा काहीही संबंध नव्हता. तेथील तरुण लष्करी अधिकारी रायस्विट्झ याने वडिलांचा युद्धखेळ सुधारून १८२४मध्ये ‘क्रीगश्पील’ प्रसिद्ध केला. पट चौकटींचा नव्हता. १:८००० प्रमाणाचा खरा नकाशा होता. एका डावात रणांगणावरील दोन मिनिटे सरत.

७/ खेळाडू आपले हुकूम पंचाकडे देत. शत्रूची जी तुकडी आपल्या नजरेच्या टप्प्यात नसे, ती नकाशावर मांडलीच जात नसे. चकमक झाली की दोन्ही बाजूंच्या बळाचे प्रमाण पाहून पंच योग्य तो फासा निवडी. बळ दुप्पट असेल तर फासा अनुकूल, पण विजयाची हमी नाही.

८/ म्हणजे हा फासा केवळ नशिबाचा नव्हता. सेनापतीला जे कळूच शकत नाही, त्या सगळ्याची बेरीज म्हणजे फासा. एका हल्ल्यात यशाची शक्यता तीनांत दोन असेल, तर लागोपाठ तिन्ही हल्ले यशस्वी होण्याची शक्यता २७ पैकी फक्त ८. चांगली योजनासुद्धा का ढासळते, हे या एका गणितात कळते.

९/ पण फासा टाकण्यापूर्वीच आणखी एक गोष्ट घडलेली असते. शेकडो माणसे मिळून एक ठोकळा होतात. प्रत्येकाचे गाव, थकवा आणि भीती गाळल्याशिवाय खेळ मांडता येत नाही. हे गाळणे आवश्यक असते. धोका असतो तो काय गाळले याचा विसर पडण्यात.

१०/ इतिहासही असेच गाळतो. रसेल ब्रिगेडच्या वारसदार पलटणींच्या युद्धसन्मानांत ‘नोव्हा’ हा एकच शब्द उरला. हिंगोली पुढे हैदराबाद कंटिंजंटची छावणी झाली. ती १९०३पर्यंत टिकली. पलटणींच्या त्या यादीत नोवसाजी नाईकांना जागा नव्हती, गढीत पडलेल्या अरबांनाही नव्हती.

११/ त्या यादीतला ‘नोव्हा’ निश्चित विजयासारखा वाचला जातो, जणू प्याद्याने हत्ती मारला. खिंडारापाशी उभ्या असलेल्यांना तो तसा दिसला नसणार. त्यांच्यापुढे फासा अजून हवेतच होता. भूतकाळ वाचताना हवेतला तो फासा आठवणे, आणि ठोकळ्यातली माणसे पुन्हा मोजणे, हे इतिहासाच्या अभ्यासकाचे पहिले काम.