धावपट्टीवरची शर्यत आणि टॉर्क कन्व्हर्टर

ड्रॅग शर्यतीचा इतिहास विमानतळांशी जोडलेला आहे. 1950 मध्ये कॅलिफोर्नियातील सांता आना विमानतळाच्या धावपट्टीवर अशा शर्यती नियमित सुरू झाल्या. पाव मैल, म्हणजे सुमारे 402 मीटर सरळ अंतर, ही त्यांची प्रचलित लांबी ठरली. मुंबईत सांताक्रूझजवळच्या जुहू धावपट्टीवरही मोटार शर्यती झाल्या. 1928 मध्ये सुरू झालेला जुहू हा देशातील पहिला नागरी विमानतळ. पुढे महाराष्ट्रात आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग शर्यती भरू लागल्या.

अशा शर्यतींच्या गाड्यांत इंजिन आणि स्वयंचलित गिअरबॉक्स यांना जोडणारा टॉर्क कन्व्हर्टर मात्र जहाजांसाठी जन्मला. जर्मन अभियंता हेरमान फ्योटिंगर यांनी 1905 मध्ये त्याच्या मूळ तत्त्वाचे पेटंट घेतले. इंजिनाने फिरणारा पंप तेल टर्बाइनवर फेकतो आणि मधला स्टेटर परतणाऱ्या तेलाची दिशा बदलतो. त्यामुळे गाडी सुटताना टॉर्क सुमारे दुप्पट होतो. 1950 मध्ये शेव्हरोलेने आणलेला, असाच कन्व्हर्टर असलेला दोन गतींचा पॉवरग्लाइड गिअरबॉक्स साधा व मजबूत असल्याने शर्यतीत टिकून राहिला.

कन्व्हर्टर इंजिनाशी जुळवताना 'स्टॉल' वेग निर्णायक असतो. टर्बाइन रोखलेली असताना इंजिन मिनिटाला जेवढे फेरे गाठते, तो हा वेग. कन्व्हर्टरचा व्यास कमी केला की हा वेग साधारणपणे वाढतो. तो इंजिनाच्या सर्वाधिक टॉर्कच्या फेऱ्यांशी जुळावा लागतो. स्टॉल कमी पडला तर सुरुवात मंदावते. जास्त झाला तर पंप व टर्बाइनमधील घसरण वाढून तेल तापते. म्हणून तेल थंड ठेवणारा कूलर शर्यतीच्या गाडीत आवश्यकच मानावा.