वृद्धांचे हृदय, मन आणि स्मरण : प्रस्तावना

वाशीम जिल्ह्यातील मानोरा तालुक्यातले पोहरादेवी म्हणजे बंजारा समाजाची काशी. रामनवमीला संत सेवालाल महाराजांच्या समाधीच्या दर्शनासाठी दूरदूरच्या तांड्यांतून माणसे येतात. चार पावलांत धाप लागणारे, पाय सुजलेले, रात्री दोन उशा घेऊन झोपणारे वृद्ध अशा गर्दीत असतातच. ही हार्ट फेल्युअरची लक्षणे असू शकतात. आपली तपासणी मात्र बहुधा छातीपाशी थांबते. वृद्धांचे हृदय, मन आणि स्मरण एकत्र पाहणारे हे अभ्यासक्षेत्र तिथून पुढे जाते.

हृदयाचा जोर ओसरला की मेंदूचा रक्तपुरवठाही घटू शकतो. जुना रक्तदाब आणि मधुमेह मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्या आधीच बिघडवून बसलेले असतात. परिणामी स्मरण, एकाग्रता, नियोजन ढासळते. मनही खचते. २००६च्या एका व्यापक आढाव्यात हार्ट फेल्युअरच्या सुमारे पाचांतल्या एका रुग्णात नैराश्य आढळले. अशा रुग्णांत मृत्यूचे प्रमाणही अधिक होते.

हृदयासोबत मन आणि स्मरणही पाहायला हवे, कारण हा आजार घरीच सांभाळायचा असतो. रोज वजन करा, मीठ कमी खा, लघवीची गोळी चुकवू नका, दोन-तीन दिवसांत दोन किलो वजन वाढले तर दवाखाना गाठा. हे सारे करायला आठवण हवी आणि उमेदही. मुले-सुना ऊसतोडीला गेल्या असतील, तर ‘घरच्यांनी लक्ष ठेवावे’ हा सल्ला कोणासाठी?

नैराश्याचे आणि विस्मरणाचे निदान सोपे नाही. थकवा, झोपमोड, मंदावलेली भूक ही हृदयाचीही लक्षणे आणि नैराश्याचीही. शाळा न पाहिलेल्या, बंजारा समाजाची गोरबोली बोलणाऱ्या आजीला स्मरणाच्या चाचणीत घड्याळाचे चित्र काढायला सांगितले, तर मोजले जाते ते तिचे शिक्षण. हरियाणातील बल्लभगडच्या निरक्षर वृद्धांसाठी १९९५मध्ये हिंदीत वेगळी चाचणी रचली गेली. तांड्यांसाठीही तसे काम व्हायला हवे.

उपचारांतही घाई नको. २०१० आणि २०१६च्या मोठ्या चाचण्यांत सर्ट्रालीन व एस्सिटालोप्राम ही नैराश्याची औषधे हार्ट फेल्युअरच्या रुग्णांत नकली गोळीपेक्षा सरस ठरली नाहीत. २०१५च्या एका चाचणीत विचार-वर्तन उपचाराने नैराश्य कमी झाले, पण रुग्णांची स्वतःची काळजी घेण्याची सवय सुधारली नाही. मन सावरले म्हणून गोळ्यांची शिस्त आपोआप येत नाही. दोन्हींकडे वेगवेगळे लक्ष द्यावे लागते.

वैद्यकीय अधिकारी, परिचारिका, आशाताई, विद्यार्थी, सर्वांचे या क्षेत्रात स्वागत. सुरुवातीला महागडे यंत्र लागत नाही. सूज पाहून झाली की विचारा : गेल्या दोन आठवड्यांत कशात मन लागले का? आणि गोळ्या स्वतः घेता, की कोणी आठवण करून देते?