गंजलेली एमजी, आंबागड आणि मामांची ग्रॅच्युइटी

आजचा धागा लांब आहे. विषय वरवर पाहता मोटारीचा, आत शिरल्यावर साधनचिकित्सेचा. तेव्हा मोटारींत रस नसलेल्यांनीही थांबावे.

गेल्या उन्हाळ्यात तुमसरहून मामांचा फोन आला. "तू इतिहास शिकून राहिला न, मंग सांग, घेऊ का नको?" आंबागडाच्या पायथ्याजवळच्या एका गावी, जुन्या वाड्यामागच्या गुरांच्या कोठ्यात, तणसाच्या ढिगाआड त्यांना दोन आसनांची एक विलायती स्पोर्ट्‌स कार आढळली होती. वाड्याचे सध्याचे मालक चार लाख मागत होते. मामा नुकतेच निवृत्त झालेले, ग्रॅच्युइटी बँकेत पडलेली, आणि मामींच्या कानावर अद्याप काहीही गेलेले नव्हते. मी मोटारींचा जाणकार नाही. पण जुन्या वस्तूला 'तू नेमकी कोण आणि तुझ्यातले मूळचे किती' हे विचारण्याची एक शिस्त आम्हांला शिकवली जाते, आणि त्या भांडवलावर मी गेलो.

वाटेत गडावर चढलो. बख्त बुलंदशहाच्या देवगडच्या गोंड राज्यात राजाखान पठाण या सुभेदाराने १७०० च्या सुमारास हा किल्ला उभारला. पुढे नागपूरकर भोसल्यांनी त्याचा तुरुंगासारखा उपयोग केला. आतल्या विहिरीचे दूषित पाणी कैद्यांना पाजत, अशी आख्यायिका ब्रिटिश गॅझेटियरात नोंदलेली आहे. पडका किल्ला पाहताना गिलावा किती गळाला याला महत्त्व नसते. पाया खचला आहे का, बुरुजाच्या सांध्यात पिंपळाची मुळे शिरली आहेत का, आणि नंतरच्या डागडुजीत मूळ बांधकाम झाकले गेले आहे का, हे आधी पाहायचे. खाली उतरताना मामांना म्हटले, गाडीही अशीच पाहू.

पहिला प्रश्न ओळखीचा. अष्टकोनी बिल्ला, उभट जाळी, लांब बॉनेट, पाठीवर उघडी चौकोनी टाकी. ही एमजी, म्हणजे मॉरिस गॅरेजेसची, इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यातली, एवढे उघड होते. पण टीसी की टीडी? टीसी १९४५ ते १९४९ या काळात निघाली, सुमारे दहा हजार. टीडी त्यानंतर, जवळजवळ तीस हजार. दुर्मीळ कोणती ते सांगायला नको. मोठी, तारांच्या आऱ्यांची चाके टीसीची खूण खरी. पण चाके बदलता येतात. म्हणून जमिनीवर आडवे होऊन पुढच्या धुऱ्याखाली पाहिले. अखंड धुरा आणि पाटे होते. टीडीला पुढे गुंडाळीच्या स्प्रिंगा असतात. गाडी टीसीच.

चासीचा क्रमांक काथ्याने घासून वाचला. टीसीचे क्रमांक ०२५१ पासून सुरू होतात, कारण कारखान्याचा दूरध्वनी क्रमांक २५१ होता असे सांगतात! आमचा आकडा त्याच्या पुष्कळ पुढचा आणि ठशांची धाटणी सरळ, एकसारखी. इनाम कमिशनसमोर १८५२ नंतर लोक सनदा घेऊन उभे राहिले तेव्हा कागद, शाई, शिक्का आणि अक्षरवळण यांवरून खरे-खोटे ठरवावे लागे. ठोकलेल्या आकड्यांनाही वळण असते.

आता गंज. इथे बहुतेक ग्राहक फसतात, आणि दोन्ही बाजूंनी फसतात. कोणी तांबूस पत्रा पाहूनच पळ काढतो, कोणी चकचकीत रंगाला भुलतो. पत्र्यावरचा लालसर थर हा गळालेल्या गिलाव्यासारखा. घासला की निघतो. खरा शत्रू सांध्यांत असतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो, त्यामुळे दोन पत्र्यांच्या मध्ये तो शिरला की सांधा फुगतो, पापुद्रे सुटतात आणि भार पेलणारा भाग आतून कागदासारखा होतो. पेचकसाचे टोक दाबून पाहावे. आत गेले तर तिथे पोलाद उरलेले नाही. रंग शाबूत असेल तिथे लोहचुंबक फिरवावे. चिकटला नाही तर खाली पुट्टी आहे. आणि आठवडी बाजारात मडके वाजवून घेतात तशी चासी हातोडीने वाजवावी. मामांनी ती टोकापासून टोकापर्यंत वाजवली. मागच्या एका आडव्या नळीजवळ आवाज बद्द आला, बाकी सर्वत्र खणखणीत. कोठ्याची जमीन उंचावर होती आणि छप्पर गळत नव्हते, एवढ्या साध्या कारणाने चासी वाचली होती.

(विषयांतर: इथून जवळच चिखला आणि डोंगरी बुजुर्ग या मँगनीजच्या खाणी आहेत. पोलादातील गंधकाला बांधून ठेवायला मँगनीज लागते, आणि गेल्या शतकाच्या आरंभापासून मध्य प्रांताचे मँगनीज ब्रिटनला जात असे. ती चासी वाजवताना मला हे आठवत होते, इतकेच.)

लाकडाची गोष्ट निराळी. या गाडीचा पत्रा ॲश जातीच्या लाकडी सांगाड्यावर ठोकलेला असतो. दार उघडले तर ते हातातच आले. सांगाडा वाळवीने खाल्ला होता; वरून पत्रा, आत माती. ऐकायला भयंकर, पण चासीच्या मानाने हा दोष किरकोळ. मापे मिळाली तर चांगला सुतार नवा सांगाडा करू शकतो. सागात केला तर वजन थोडे वाढेल आणि शुद्धतावादी नाके मुरडतील.

मग बॉनेट उघडले आणि मामांचा चेहरा उतरला. आत १२५० सीसीचे मूळ इंजिन नव्हते, ॲम्बेसेडरचे होते.

संग्राहकाच्या दृष्टीने ही गाडीची अधोगती. मला मात्र तिथे थांबावेसे वाटले. शिवडीत जनरल मोटर्स १९२८ पासून मोटारी जुळवत असे. १९५३ च्या टॅरिफ कमिशनने शिफारस केली की ज्यांच्याकडे प्रत्यक्ष उत्पादनाचा कार्यक्रम आहे त्यांनीच या धंद्यात राहावे, आणि पुढच्याच वर्षी तो कारखाना बंद झाला. परदेशी गाड्या आणि त्यांचे सुटे भाग यांची वाट आक्रसत गेली. म्हणूनच 'आजोबांनी १९६५ साली विलायतेहून आणली' असे कोणी सांगितले की कस्टमचा कागद मागावा. इथल्या बहुतेक अशा गाड्या त्याआधीच्या असतात. आणि एकदा इंजिन निकामी झाले की पिस्टन यायचा कुठून? मिस्त्री जे मिळेल ते बसवी. ही जोड म्हणजे आयात-निर्बंधांच्या काळातल्या एका अनामिक कारागिराची नोंद आहे. तिचे जोडकामही देखणे होते, हे कबूल करावे लागेल.

कायद्याला मात्र हे कौतुक नाही. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज गाड्यांसाठी तरतूद आली: वय पन्नास वर्षांपेक्षा अधिक, रूप मूळचे, आणि चासी, सांगाडा किंवा इंजिन यांत भरीव फेरफार झालेला नसावा. नव्या नोंदणीला २० हजार रुपये, मुदत १० वर्षे, क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे. आणि अशी गाडी प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, देखभाल अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणायची. राजवाड्यांनी १८९८ पासून अस्सल कागदांचे खंड छापताना जो आग्रह धरला, तोच आता परिवहन खाते धरते आहे, हे मजेशीर आहे. ॲम्बेसेडरच्या इंजिनासह ती नोंदणी मागायची म्हणजे नकाराची तयारी ठेवूनच.

मामा निघायच्या बेतात होते. मीच कोठ्याच्या कोपऱ्यातली पोती बाजूला केली. खाली, जाम झालेले, कोंबड्यांच्या विष्ठेने माखलेले एक इंजिन होते, आणि त्यावर पितळेची अष्टकोनी पट्टी.

आता सारे कागदावर येऊन ठेपले. नोंदणी पुस्तकात इंजिनाचा क्रमांक असतो. तो या पट्टीशी जुळला तर गाडीचे हृदय तिचेच. शिवाय भंडारा जिल्ह्यातल्या त्या काळच्या गाडीच्या कागदांवर राज्यांची अख्खी वंशावळ हवी: आधी मध्य प्रांत व वऱ्हाड, १९५० पासून मध्य प्रदेश, १ नोव्हेंबर १९५६ पासून द्विभाषिक मुंबई, १ मे १९६० पासून महाराष्ट्र. एवढ्या सरकारांखाली राहिलेल्या गाडीच्या पुस्तकावर एकाच हस्ताक्षरात, एकाच शाईत सगळ्या नोंदी असतील तर ते पुस्तक परत ठेवून द्यावे. मालकांकडे पुस्तक नव्हते. गाडी त्यांच्या आजोबांच्या नावावर, वारस तिघे, आणि विकायला निघालेले हे एकटेच.

माझे मत मी मामांना तिथेच दिले. चासी उत्तम, लाकूड गेलेले पण होण्यासारखे, मूळ इंजिन हाती असण्याची शक्यता मोठी. गाडी घेण्याजोगी आहे. चार लाखांना नाही, आणि पुस्तक व तिन्ही वारसांच्या सह्या यांशिवाय चार हजारांनाही नाही. इसार म्हणूनसुद्धा काही द्यायचे नाही. उद्या कोणी हिस्सा मागत आला तर मामांच्या हाती वाळवीचे लाकूड आणि कोर्टाची तारीख उरेल. आणि सौदा झालाच तर ॲम्बेसेडरचे इंजिन भंगारात घालायचे नाही, ही माझी अट. मामांनी ती हसत मान्य केली.

पट्टीवरचा क्रमांक मी वहीत उतरवून घेतला आहे. पुस्तक बहुधा रायपूरच्या आत्याबाईंच्या ट्रंकेत आहे, त्या दिवाळीला गावी येतात. मामींना मात्र सगळे कळले. मामांच्या सदऱ्याला लागलेल्या गंजाने.