खेळाच्या तासाला कडेला बसलेली मुलगी

आजचं बोलणं इतिहासाचं आहे, पण ते सुरू होतं शाळेच्या मैदानावर. मेहकर असो, लोणार असो की चिखली, खेळाचा तास लागला की पोरी खो-खोला नाहीतर लंगडीला पळतात. पायानं अधू असलेली किंवा कमी दिसणारी एखादी मात्र निंबाखाली बसून सगळ्यांच्या चपला आणि दप्तरं सांभाळते. तिला कोणी रागावत नाही. ‘तू बस बाई, तुला लागेल’ असं मायेनंच म्हणतात. या मायेपायी तिच्या वाट्याचा खेळ दहा-दहा वर्षं राहून जातो. हे असंच चालायचं का, याचं उत्तर शोधायला आपल्याला थोडं मागं जावं लागेल.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली गोष्ट. पाठीच्या कण्याला मार लागून कमरेखालचं अंग गेलेले सैनिक तेव्हा फार दिवस जगत नसत. एका कुशीवर पडून पडून अंगाला जखमा होत, लघवीच्या मार्गात जंतू शिरत आणि त्यातच ते दगावत. १९४४ साली इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल इस्पितळात डॉ. लुडविग गुटमन यांनी अशा सैनिकांसाठी वेगळा विभाग सुरू केला. हे गुटमन ज्यू होते, हिटलरच्या जर्मनीतून जीव वाचवून आलेले. त्यांनी पहिला नियम केला, की दर दोन तासांनी रोग्याची कूस बदलायची. मग त्याला खुर्चीत बसवायचं आणि हातात चेंडू किंवा धनुष्य द्यायचं. खेळानं दंड आणि खांदे बळकट होतात, बसताना तोल सावरतो, आणि ‘आपलं संपलं’ ही भावना मागं पडते, हे त्यांनी ओळखलं होतं. २९ जुलै १९४८ ला, लंडनचं ऑलिंपिक सुरू झालं त्याच दिवशी, त्यांनी इस्पितळाच्या आवारात चाकाच्या खुर्चीतल्या सोळा जणांची तिरंदाजीची स्पर्धा घेतली. त्यांत चौदा पुरुष होते आणि दोन स्त्रिया. याच स्पर्धा पुढं वाढत वाढत १९६० साली रोमला पहिलं पॅरालिंपिक म्हणून भरल्या.

इस्पितळातला हा विचार नंतर शिक्षणातही आला. १९५२ साली अमेरिकेतल्या शारीरिक शिक्षणाच्या शिक्षक-प्राध्यापकांनी त्याची रीतसर व्याख्या केली आणि विद्यापीठांतून तो शिकवला जाऊ लागला. मराठीत त्याला अनुकूलित शारीरिक शिक्षण म्हणतात. नाव जड आहे, अर्थ सोपा आहे. शिंपीणबाई आपलं माप घेऊन ब्लाउज बेतते, ब्लाउजच्या मापाची बाई शोधत नाही. तसा खेळ मुलाच्या मापानं बेतायचा. चेंडू बदला, जाळी खाली घ्या, अंतर कमी करा, एखादा नियम बदला, पण मूल खेळात राहिलं पाहिजे.

हा विचार आपल्या महाराष्ट्रातही सैनिकाच्याच अंगाने आला. खडकीला अपंग सैनिकांना हातकाम शिकवणारी क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट ही संस्था १९१७ पासूनची आहे. कमरेखाली लुळे झालेल्या जवानांसाठी तिथंच १९७४ पासून स्वतंत्र पुनर्वसन केंद्रही आहे. पण सगळ्यात मोठं नाव मुरलीकांत पेटकर यांचं. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचा हा जवान सैन्यात मुष्टियोद्धा होता. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून तो जखमी झाला आणि पाय निकामी झाले. उपचारात व्यायाम म्हणून त्यांनी पोहायला सुरुवात केली. १९७२ साली जर्मनीतल्या हायडलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये त्यांनी ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात ३७.३३ सेकंदांचा जागतिक विक्रम करून सुवर्णपदक मिळवलं. पॅरालिंपिकमधलं भारताचं हे पहिलं पदक. पद्मश्री त्यांना मिळाली ती २०१८ साली.

आता मैत्रिणींनो, एक हिशोब करा. पुरुषाचं पहिलं पदक १९७२ चं. बाईचं पहिलं पदक कधीचं? २०१६ चं. रिओला दीपा मलिक यांनी गोळाफेकीत ४.६१ मीटर गोळा फेकून रौप्यपदक जिंकलं. मध्ये तब्बल ४४ वर्षं गेली. पहिलं सुवर्ण तर त्याहून पुढं, अवनी लेखरा हिचं नेमबाजीतलं, टोकियोच्या स्पर्धेत २०२१ साली.

एवढा उशीर का झाला? बाईच्या अंगात ताकद नव्हती म्हणून नव्हे. सैनिकामागं सैन्याचं इस्पितळ होतं, पेन्शन होती, पोहायला तलाव होता, शिकवायला माणूस होता. खेड्यातल्या अधू मुलीजवळ यातलं काही नव्हतं. वरून घरच्यांची भीती. ‘आधीच अशी, त्यात पडली तर हिला करील कोण?’ आपण सगळ्यांनी हे वाक्य ऐकलेलं आहे. दीपाताई स्वतः दोन मुलींची आई होत्या. १९९९ साली मणक्यातल्या गाठीच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांचं छातीखालचं अंग गेलं. त्यानंतर त्या आपल्या महाराष्ट्रात, तेव्हाच्या अहमदनगरला राहत असताना हॉटेल चालवायच्या. खेळाकडे वळल्या त्या तिशी उलटल्यावर.

आपल्या वऱ्हाडातही असं उदाहरण आहे. अमरावती हे व्यायामाचं जुनं ठाणं. तिथलं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चं, आणि १९३६ साली मंडळाच्या पथकानं बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डी करून दाखवली होती. त्याच अमरावतीची लेक कांचनमाला पांडे. तिला दिसत नाही. २०१७ साली मेक्सिकोच्या जागतिक पॅरा जलतरण स्पर्धेत तिनं २०० मीटर मेडलेमध्ये सुवर्णपदक जिंकलं. न दिसणारी मुलगी पोहते कशी, हे ऐकण्यासारखं आहे. भिंत जवळ आली की काठावरचा माणूस लांब काठीच्या मऊ टोकानं तिला हलकेच टोचतो, म्हणजे वळायचं केव्हा ते कळतं. आणि तिच्या गटात सगळ्याच जणी काळे चष्मे लावून पोहतात, म्हणजे कुणाला थोडंसं दिसत असलं तरी त्याचा फायदा मिळत नाही.

अंधांच्या क्रिकेटमध्येही अशीच बेतणी आहे. चेंडूत छर्रे असतात, तो खुळखुळत जमिनीलगत येतो. पूर्ण अंध फलंदाजाची एक धाव दोन धरतात, अशा खेळाडूला संघात घ्यावंच लागतं आणि घेतल्याचा फायदाही होतो. आपल्या देशाच्या अंध मुलींनी २०२३ साली बर्मिंगहॅमला या खेळात सुवर्णपदक मिळवलं. बसून खेळायचं व्हॉलीबॉल तर आणखी सोपं. त्यात स्त्रियांची जाळी फक्त १.०५ मीटर उंच असते. दोन खांबांना जुनं लुगडं बांधलं तरी आपल्या अंगणात तो खेळ होईल, आणि धडधाकट पोरीही खाली बसून खेळल्या की सगळ्या सारख्या.

म्हणून पुढचं काम आपल्याला गावातच करायचं आहे. चेंडूला प्लॅस्टिकची पिशवी घट्ट बांधली की तो सळसळतो, कमी दिसणारी मुलगी आवाजावर तो पकडते. लगोरीत पळायला दुसरी पोरगी द्या आणि नेम हिला धरू द्या. आट्यापाट्यांत हिच्यासाठी पाटी रुंद आखा. यातल्या कशालाच पैसा लागत नाही. काय झेपतं ते आधी त्या मुलीलाच विचारा, आणि फिट येणं, हृदयाचा त्रास, ठिसूळ हाडं असं काही असेल तर डॉक्टरांचा सल्ला घ्या.

कायदाही तिच्या बाजूनं आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ याच्या कलम ३० मध्ये खेळाचाच विषय आहे. खेळाचे कार्यक्रम आणि सोयी दिव्यांगांना भाग घेता येईल अशा बेतणं हे शासनाचं काम आहे, असं त्यात लिहिलं आहे. जुन्या १९९५ च्या कायद्यात दिव्यांगतेचे ७ प्रकार होते, आता २१ आहेत, म्हणजे हा हक्क कितीतरी जास्त मुलींना लागू होतो. शाळा व्यवस्थापन समितीत आई-बाप असतात, आणि निम्म्या जागा बायकांच्या असतात. पुढच्या बैठकीला जाल तेव्हा पोषण आहार आणि शौचालय यांच्यासोबत एवढं विचारा, की आपल्या शाळेत खेळाच्या तासाला कोण कोण बसून असतं, आणि पुढच्या आठवड्यात ती काय खेळणार आहे?

सर काय म्हणाले ते आम्हाला केंद्रावर येऊन सांगा. तिनं काय खेळलं तेही सांगा.