सॉल्टहिलचा रविवार

मार्च 2018. रविवारची दुपार. तुम्ही आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, गॉलवेत आहात. ‘एमा’ वादळ नुकतंच देशभर बर्फ टाकून गेलंय. सॉल्टहिलच्या समुद्राकाठच्या रस्त्यावर फिरायला आलेली माणसं शेवटच्या भिंतीला रिवाजाप्रमाणे पाय लावून मागे वळताहेत. बाकीचे पिअर्स स्टेडियमकडे निघालेत. खाडीवरचा वारा कानात शिरतो. कॉलर वर करा आणि आत चला.

आज राष्ट्रीय हर्लिंग लीगच्या ‘वन बी’ गटात गॉलवे विरुद्ध लिमरिक. जिंकेल तो वरच्या ‘वन ए’ गटात. गॉलवे ऑल-आयर्लंड स्पर्धेचे, म्हणजे देशाचे, विजेते. लिमरिक 2010 साली खाली घसरलं. 2011 मध्ये वर जायचा हक्क मिळवला, तर गटांचीच फेररचना झाली आणि ते पुन्हा खालीच राहिलं. त्यात आज ना पीअर्सी क्लबची मंडळी संघात नाहीत, त्यांना क्लबचा अंतिम सामना आहे.

कठड्याला टेकून उभे राहा, इतक्या जवळून हा खेळ पाहायलाच हवा. हातातली हर्ली, म्हणजे खेळायची काठी, ॲश लाकडाची, टोकाला चपटी, तिथे पत्र्याची पट्टी ठोकलेली. हिरव्या जर्सीतला लिमरिकचा पोरगा पळता पळता चेंडू हर्लीवर उचलतो, तोलतो. मरून रंगाच्या जर्सीतला गॉलवेचा गडी अंगावर येतो. लाकडावर लाकूड आपटल्याचा आवाज छातीत जाणवतो. चेंडू एच आकाराच्या खांबांमध्ये, आडव्या दांडीवरून गेला की एक गुण. पांढऱ्या कोटातला पंच पांढरं निशाण हलवतो. दांडीखालून जाळ्यात गेला तर गोल, म्हणजे तीन गुण, आणि निशाण हिरवं.

या तीस जणांपैकी एकालाही खेळायचा पगार नाही. उद्या सोमवार: कोणी कॉलेजात, कोणी कामावर. लिमरिकचे प्रशिक्षक जॉन काइली शाळेचे मुख्याध्यापक आहेत. लोक लीगला उन्हाळ्यातल्या ऑल-आयर्लंडची रंगीत तालीम म्हणतात. मला ते पटत नाही. चिखलात, गारठलेल्या बोटांनी, कोणी फारसं पाहत नसताना पाठलाग करायची सवय लागते ती इथेच.

मध्यंतराला गॉलवे चांगलंच पुढे. शेजारचे लिमरिकचे आजोबा थर्मासमधला चहा तुमच्याकडे सरकवतात. “दर वर्षी हेच बघतोय बाबा.”

उत्तरार्धात ते बोलत नाहीत. लिमरिकची पोरं प्रत्येक सुट्या चेंडूवर दोघं-तिघं तुटून पडताहेत, अंतर एकेका गुणाने कमी होतंय. शिट्टी वाजते तेव्हा फळ्यावर लिमरिक 2-18, गॉलवे 1-19. गोलाचे तीन धरून मोजा: चोवीस विरुद्ध बावीस. हिरव्या टोप्या मैदानात धावतात.

ही लीग लिमरिक जिंकणार नाही. उपांत्यपूर्व फेरीत क्लेअरशी बरोबरी इतकी लांबेल की निकाल फ्री, म्हणजे मोकळे फटके, मारून लावावा लागेल. उपांत्य फेरीत टिपरेरी जादा वेळेत हरवेल. करंडक किलकेनीचा, नाउलन पार्कवर टिपरेरीविरुद्ध 2-23 ते 2-17. पण 19 ऑगस्टला डब्लिनच्या क्रोक पार्कवर हेच दोन संघ पुन्हा समोरासमोर येतील, ऑल-आयर्लंडच्या अंतिम सामन्यात. लिमरिक 3-16, गॉलवे 2-18. लिमरिक एका गुणाने विजेते, 1973 नंतर पहिल्यांदा.

हे तुम्हाला ठाऊक आहे, आजोबांना नाही. सांगावंसं वाटतं ना? राहू द्या. ऑगस्ट अजून त्यांच्या मनातही नाही. पुढच्या हिवाळ्यात लिमरिकच्या घरच्या मैदानावर कोण कोण येणार ते बोटांवर मोजण्यात ते रंगलेत: कॉर्क, टिपरेरी, किलकेनी.

“घरी चालत जायला लागलं तरी चालेल आज,” ते म्हणतात, आणि थर्मासचं झाकण घट्ट लावतात.