गुंतवणूकदारांच्या तक्रारी आणि वित्तीय नियामक : भंडारा जिल्ह्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

आर्थिक इतिहासाच्या अभ्यासात बँका, कंपन्या आणि कायदे यांची नोंद विपुल आढळते. ज्याचे पैसे बुडाले, त्या सामान्य ठेवीदाराचा आवाज मात्र बहुधा तक्रार अर्जातूनच ऐकू येतो. त्यामुळे शासनाने व नियामक संस्थांनी तक्रारी कोणत्या पद्धतीने गोळा केल्या, हा केवळ प्रशासकीय प्रश्न राहत नाही. कोणाचा आवाज दप्तरात पोहोचला आणि कोणाचा पोहोचला नाही, हे त्या पद्धतीवरून ठरते. प्रस्तुत लेखात या पद्धतींच्या वाटचालीचा भंडाऱ्यासारख्या ग्रामीण जिल्ह्याच्या दृष्टिकोनातून आढावा घेण्यात आला आहे.

भंडारा हा प्रामुख्याने धान उत्पादक जिल्हा होय. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाल्यानंतर येथे भंडारा, मोहाडी, तुमसर, साकोली, लाखनी, लाखांदूर व पवनी हे सात तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १२,००,३३४ होती. धानाचे उत्पन्न हंगामी असते. म्हणून हंगामात हाती आलेला पैसा सुरक्षित ठेवणे ही येथील कुटुंबाची मूलभूत गरज ठरते.

वसाहतकालीन पद्धत : शासन विचारते

१९२९-३० मध्ये प्रांतोप्रांती बँकिंग चौकशी समित्या नेमण्यात आल्या. भंडारा तेव्हा मध्यप्रांत व वऱ्हाडात समाविष्ट होता आणि त्या प्रांतासाठीही अशी समिती होती. प्रश्नावली पाठविणे व साक्षी नोंदविणे ही तिची कार्यपद्धती होती. शेतकऱ्याचे कर्ज, सावकारी आणि सहकारी पतसंस्था हे तिच्या चौकशीचे प्रमुख विषय होते. येथे शासन स्वतः प्रश्न विचारीत असे. व्यक्तीच्या गाऱ्हाण्याचे निवारण करणे हा मात्र त्या चौकशीचा हेतू नव्हता. माहिती गोळा झाली, तक्रारीला दाद मिळण्याची सोय झाली नाही.

पत्रापासून संगणकापर्यंत : तक्रारदार सांगतो

स्वातंत्र्योत्तर काळात हे चित्र बदलले. भारतीय प्रतिभूती आणि विनिमय मंडळ म्हणजेच ‘सेबी’ची स्थापना १२ एप्रिल १९८८ रोजी झाली व १९९२ च्या कायद्याने तिला वैधानिक अधिकार मिळाले. बँकांच्या ग्राहकांसाठी रिझर्व्ह बँकेने १९९५ मध्ये बँकिंग लोकपाल योजना सुरू केली. प्रारंभी तक्रार म्हणजे टपालाने पाठविलेले पत्र होते. जून २०११ मध्ये सेबीने ‘स्कोअर्स’ ही संगणकीय प्रणाली सुरू केली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस प्रादेशिक भाषांतूनही चौकशी करता येईल अशी निःशुल्क दूरध्वनी सेवा आली. रिझर्व्ह बँकेचे ‘सचेत’ संकेतस्थळ ऑगस्ट २०१६ मध्ये, तर एकात्मिक लोकपाल योजना नोव्हेंबर २०२१ मध्ये अस्तित्वात आली. १ एप्रिल २०२४ पासून स्कोअर्सच्या नव्या आवृत्तीत तक्रारीच्या निराकरणासाठी २१ दिवसांची मुदत ठरविण्यात आली.

या सोयींमुळे अंतर कमी झाले, हे मान्य करावे लागते. लाखांदूरच्या गुंतवणूकदारास मुंबईला खेटे घालण्याचे कारण उरले नाही. परंतु प्रत्येक नियामकाने आपल्या अखत्यारीतील संस्थांपुरतीच दारे उघडली. आपली रक्कम ठेव आहे, समभाग आहे की सामूहिक गुंतवणूक, हे ओळखण्याची जबाबदारी तक्रारदारावर पडली. ओळखीच्या एजंटाकडे दरमहा हप्ता देणाऱ्या माणसाजवळ पावती असते, कायद्याचे वर्गीकरण नसते.

चुकीच्या दारावर पडलेली थापही कधी कधी उपयोगी ठरते, याचे उदाहरण सहारा प्रकरणात मिळते. जानेवारी २०१० मध्ये इंदूर येथील एका व्यक्तीच्या नावाने राष्ट्रीय आवास बँकेकडे तक्रारीचे पत्र आले. त्या बँकेने ते सेबीकडे पाठविले. पुढील चौकशीतून जून २०११ चा सेबीचा आदेश आणि ३१ ऑगस्ट २०१२ चा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय झाला. पत्र पुढे पाठविले गेले नसते, तर त्याचा शेवट एखाद्या फायलीत झाला असता.

न आलेल्या अर्जांचा प्रश्न

याच प्रकरणाची दुसरी बाजू अधिक विचारप्रवर्तक आहे. रोखेधारकांची संख्या सुमारे तीन कोटी सांगितली गेली होती. सेबीने वृत्तपत्रांत जाहिराती देऊन परताव्याचे अर्ज मागविले, तेव्हा जेमतेम वीस हजारांच्या आसपास अर्ज आले. बहुतेकांचे पैसे आपण आधीच परत केले, असे कंपनीचे म्हणणे होते. एवढ्या तफावतीमागे हे कारण असू शकते. सूचना गावापर्यंत न पोहोचणे, पासबुक गहाळ होणे किंवा कागदांची जुळवाजुळव न होणे हीही कारणे असू शकतात. नुसत्या अर्जसंख्येवरून यांपैकी कोणताही निष्कर्ष काढता येत नाही.

पीएसीएल प्रकरणात याच प्रश्नाला वेगळ्या मार्गाने तोंड देण्यात आले. सुमारे ५.८५ कोटी ग्राहकांकडून ४९,१०० कोटी रुपये जमविल्याचे सेबीच्या ऑगस्ट २०१४ च्या आदेशात नमूद आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशानुसार न्यायमूर्ती लोढा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. समितीने प्रथम २,५०० रुपयांपर्यंतच्या दाव्यांना प्राधान्य दिले आणि फेब्रुवारी २०१९ पासून सर्व गुंतवणूकदारांकडून संगणकीय अर्ज मागविले. सर्वांत लहान ठेवीदाराचा प्रथम विचार, हे या पद्धतीचे वैशिष्ट्य होय. तथापि पॅन कार्ड, बँक खाते आणि प्रमाणपत्रावरील नावाचा मेळ या अटी ग्रामीण अर्जदाराला सोप्या नव्हत्या. विवाहानंतर नाव बदललेल्या स्त्रीची अडचण येथे सहज लक्षात येते.

जिल्हा पातळीवरील मार्ग

राज्याच्या कायद्याने आणखी एक वाट उपलब्ध करून दिली. महाराष्ट्र ठेवीदारांच्या हितसंबंधांचे संरक्षण अधिनियम, १९९९ नुसार उपजिल्हाधिकाऱ्यापेक्षा कमी दर्जाचा नसेल असा सक्षम प्राधिकारी नेमून संस्थेची मालमत्ता जप्त करता येते. या वाटेने ठेवीदाराची तक्रार स्थानिक पोलीस ठाण्यात नोंदविता येते. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये हा कायदा घटनाबाह्य ठरविला होता. सर्वोच्च न्यायालयाने पुढे त्याची वैधता मान्य केली. या अधिनियमातील एक तरतूद विशेष महत्त्वाची आहे. ठेवीदारांची तक्रार आल्यावर ‘किंवा अन्य प्रकारे’ खात्री पटल्यास शासन कारवाई करू शकते. म्हणजेच तक्रारीची वाट पाहत बसण्याचे बंधन शासनावर नाही.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, १९२९-३० मध्ये शासन विचारीत होते, पण दाद देत नव्हते. पुढे नियामक दाद देऊ लागले, पण विचारण्याचे काम तक्रारदारावर सोपविले गेले. भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यात या दोन्हींचा मेळ घालणे आवश्यक आहे. त्यासाठी ग्रामसभा, तलाठी कार्यालय व टपाल कार्यालय येथे मराठीतून सूचना लावणे आणि चुकीच्या कार्यालयात आलेला अर्ज परत न करता योग्य ठिकाणी पाठविण्याचे बंधन घालणे, हे उपाय फार खर्चाचे नाहीत. अभ्यासकांनीही तक्रारींची अल्प संख्या म्हणजे अल्प नुकसान, असा अर्थ लावू नये. दप्तरात जे अर्ज आहेत ते ज्यांना लिहिता आले त्यांचे आहेत. उरलेल्यांचा इतिहास घरोघरीच्या पेटीत जपून ठेवलेल्या पावत्यांत आहे. त्या नष्ट होण्यापूर्वी त्यांचे संकलन होणे अगत्याचे आहे.